छोट्या लेथवर कॉलेट क्लोजर बसवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात घराच्या मागच्या खोलीत किंवा जिन्याखाली छोटा लेथ ठेवून मॉडेल इंजिने, घड्याळांचे सुटे भाग किंवा जुन्या स्कूटरच्या पिना तयार करणारी बरीच हौशी मंडळी आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केल्यापासून या शहरातल्या मराठी घरांना यंत्रकामाचे वावडे राहिलेले नाही, त्यामुळे निवृत्तीनंतर लेथ घेणाऱ्याकडे इथे कोणी आश्चर्याने पाहत नाही. अशा मंडळींनी कॉलेट क्लोजरविषयी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

कॉलेट क्लोजर म्हणजे नेमके काय? तीन जबड्यांचा चक असताना त्याची गरज का भासते?

कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली, कडक केलेली पोलादी नळी. तिचे डोके शंकूच्या आकाराचे असते, आणि ते त्याच कोनाच्या बैठकीत मागे ओढले की चिरा मिटतात व जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचे तो तुकडा, सर्व बाजूंनी सारखा धरला जातो. हे ओढण्याचे काम करणारी यंत्रणा म्हणजे क्लोजर: स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या पोकळ दांड्याच्या, पोकळीतून जाणारी नळी, जिला ड्रॉट्यूब म्हणतात, आणि तिच्या मागच्या टोकाला हँडव्हील किंवा लिव्हर.

हौशी लेथबरोबर येणारा तीन जबड्यांचा चक जॉब पाच ते दहा शतांश मिलिमीटर आउट, म्हणजे केंद्रापासून बाजूला, चालवतो, ही नेहमीची गोष्ट आहे. जॉब एकदाच धरून सगळे काम उरकणार असेल तर त्याने काही बिघडत नाही. जॉब काढून, उलटा करून पुन्हा धरायचा असेल, किंवा पॉलिश केलेल्या पितळी सळईवर जबड्यांचे व्रण नको असतील, तर मात्र कॉलेटला पर्याय नाही. एकाच मापाचे चाळीस-पन्नास नग करणाऱ्याचा वेळही त्याने वाचतो, आणि क्लोजरची खरी कमाई तीच आहे.

माझ्या लेथला क्लोजर बसेल का?

याचे उत्तर लेथच्या नावावर किंवा किमतीवर नव्हे, तर स्पिंडलच्या पोकळीच्या व्यासावर ठरते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी कॅलिपर घेऊन तो व्यास मोजावा आणि पुढचा टेपर, म्हणजे निमुळती होत जाणारी बैठक, कोणता आहे ते पाहावे.

सर्वांत प्रचलित कॉलेट ५सी नावाची असून ती हार्डिंज या अमेरिकन कंपनीने रूढ केली. तिच्या धडाचा व्यास सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिमी असतो. मिनी लेथ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रांत स्पिंडलची पोकळी साधारण २० मिमी आणि टेपर मोर्स या प्रमाणित मालिकेतला क्रमांक ३ असतो, ज्याचे मोठे तोंड २३.८२५ मिमीचे आहे. तेथे ५सी आत जाणे अशक्य आहे. मोर्स क्रमांक ४ वाल्यांची निराशा अधिक होते, कारण त्याचे मोठे तोंड ३१.२६७ मिमी आहे. अर्ध्या मिलिमीटरने गाडी चुकते. मोर्स क्रमांक ५ चे तोंड मात्र ४४.३९९ मिमी असते, म्हणून त्यात स्लीव्ह, म्हणजे मधली जुळवणारी नळी, घालून ५सी व्यवस्थित बसते. अट एवढीच, की मागची सरळ पोकळी निदान ३६ मिमी असावी, म्हणजे ड्रॉट्यूबला जागा मिळेल.

थोडक्यात, ३६ ते ४० मिमी पोकळीचा लेथ असेल तर पुढचे सर्व प्रश्न आपल्यासाठी आहेत. पोकळी २० मिमीची असेल तर ३सी नावाची लहान कॉलेट धडाने ०.६५० इंच, म्हणजे सुमारे १६.५ मिमी असते आणि अर्ध्या इंचापर्यंतची सळई धरते. तिचा क्लोजर अशा लेथवर होऊ शकतो, मात्र या कॉलेट येथील दुकानांत माझ्या पाहण्यात क्वचितच आल्या आहेत. अशा लेथसाठी पुढचा प्रश्न जास्त उपयोगी ठरेल.

मग ईआर कॉलेट चकच का घेऊ नये?

अनेकांनी तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ईआर पद्धत स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७२ साली आणली आणि पुढे ती डीआयएन ६४९९ या जर्मन प्रमाणात आली. तिच्यात ओढणारी नळी लागत नाही. पुढचे नट आवळले की कॉलेट आत ढकलली जाते. ईआर३२ मध्ये २ पासून २० मिमीपर्यंतचे जॉब धरता येतात आणि बहुतेक मापांची प्रत्येक कॉलेट साधारण १ मिमीपर्यंत मिटते, त्यामुळे अठरा-वीस कॉलेटच्या संचात सगळी मापे भागतात. स्पिंडलच्या फ्लँजवर चकच्या जागी बसणारा ईआर चक घेतला तर पोकळीही मोकळी राहते आणि लांब सळई मागून घालता येते.

५सी कॉलेट मात्र आपल्या मापाच्या अगदी जवळपासच नीट धरते. एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडला की तिची पकड फक्त पुढच्या किंवा मागच्या कडेवर येते. त्यामुळे तिचा संच मोठा आणि महाग होतो. तिच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. जॉब काढणे-घालणे पान्याविना, काही सेकंदांत होते. षट्कोनी व चौकोनी सळयांसाठी तयार कॉलेट मिळतात. शिवाय ज्यांना इमर्जन्सी कॉलेट म्हणतात त्या मऊ कॉलेट आपल्याच लेथवर हव्या त्या मापाला बोअर करता येतात. या तिन्हींपैकी एकाचीही गरज नसेल, तर क्लोजरच्या खटाटोपात पडू नये.

काम सुरू करण्याआधी कोणती मापे घ्यावीत?

प्रथम एक शतांश मिलिमीटर दाखवणारा लिव्हर प्रकारचा डायल गेज घेऊन स्पिंडलचा आतला टेपर तपासावा. काटा पाव फेरा हलत असेल, तर आधी टेपरमधला कचरा आणि गंज साफ करावा, आणि तरीही तसेच राहिल्यास बेअरिंगचा सैलपणा पाहावा. स्पिंडल जितका आउट आहे त्याहून कमी आउट कॉलेट चालणार नाही. फक्त एक सवलत आहे, जी स्लीव्हच्या प्रश्नात सांगितली आहे.

त्यानंतर स्पिंडलच्या मागच्या टोकाचा सपाट पृष्ठभाग तपासावा. क्लोजरचा सारा ताण त्या कडेवर टेकतो. ती कड तिरकी असेल तर नळी एका बाजूला वाकून ओढते आणि कॉलेटही वाकडी बसते. मागे गेअर किंवा पुलीच्या नटाच्या पलीकडे स्पिंडल किती बाहेर येतो तेही पाहावे, कारण कित्येक लेथमध्ये तो कव्हरच्या आतच संपतो. मग कव्हरला भोक पाडणे किंवा मागे जोडकडे बसवणे, यापैकी एक करावे लागते.

स्लीव्ह तयार आणावी की स्वतः करावी?

सर्व कामाचा प्राण येथे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मोर्स ५ बाहेरून आणि ५सी आतून, अशी कडक करून ग्राइंड केलेली स्लीव्ह बाजारात मिळते. ती चांगली असेल तर प्रश्न मिटला. पण आपल्या स्पिंडलमध्ये असलेला दोष आणि स्लीव्हमधला दोष यांची बेरीज होते, आणि ती बेरीज कधी तीन शतांश तर कधी सहा शतांश निघते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे: बाहेरचा मोर्स टेपर मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या ग्राइंडिंगवाल्याकडून करून घ्यावा, कारण जवळजवळ १३० मिमी लांबीचा टेपर छोट्या लेथच्या कंपाउंड स्लाइडवर (टूल कोनात सरकवणाऱ्या छोट्या सरकपट्टीवर) एका दमात होत नाही. आतले बोअर (भोक) आणि कॉलेटच्या डोक्याच्या कोनाचे, १० अंशांचे तोंड मात्र स्लीव्ह आपल्याच स्पिंडलमध्ये बसवून, शेवटचा हात तेथेच मारून पूर्ण करावे. असे केल्याने तोंड स्पिंडलच्या फिरण्याच्या अक्षाशी आपोआप जुळते, मग त्याचा टेपर थोडा आउट असला तरी चालते. वर सांगितलेली सवलत ती हीच. अट अशी, की स्लीव्ह दर वेळी त्याच स्थितीत परत बसली पाहिजे. त्यासाठी स्लीव्हच्या कडेवर आणि स्पिंडलच्या नाकावर समोरासमोर बारीक खूण करून ठेवावी. अशा स्लीव्हसाठी ईएन ८ पोलाद कडक न करताही हौशी कामाला पुरते, बैठक मात्र प्रत्येक वेळी पुसून घ्यायला हवी.

कोन बसवताना कंपाउंड स्लाइडवरच्या अंशांच्या पट्टीवर विसंबू नये. स्पिंडलमध्ये सरळ टेस्ट बार धरावा, डायल गेज कंपाउंडवर बसवून त्याचा काटा बारच्या बाजूला, अक्षाशी काटकोनात टेकवावा आणि कंपाउंड २० मिमी सरकवावी. काट्याने ३.४७ मिमी दाखवले की कोन १० अंश झाला. बोअरिंग टूलचे टोक केंद्राच्या बरोबर उंचीवर हवे, नाहीतर टेपर सरळ न होता किंचित पोटातून वाकतो आणि कॉलेट फक्त कडेवर टेकते. धडासाठीचे बोअर ३१.७५ पेक्षा दोन ते तीन शतांश मोकळे ठेवावे. शेवटी कॉलेटच्या डोक्यावर मार्किंग ब्ल्यूचा पातळ थर लावून ती बैठकीत टेकवून पाहावी. रंग सगळीकडे उमटला तर उत्तम, आणि दोहोंतून निवड करायची वेळ आली तर तोंडाकडची बाजू टेकलेली बरी.

ड्रॉट्यूबची लांबी आणि जाडी कशी ठरवावी?

स्लीव्ह व कॉलेट जागेवर बसवून, कॉलेट पूर्ण मागे टेकलेली असताना, स्पिंडलच्या मागच्या कडेपासून कॉलेटच्या शेपटीपर्यंतचे अंतर मोजावे. समजा ते ३१० मिमी आले. कॉलेटवर निदान १० ते ११ मिमी आटे चढले पाहिजेत, म्हणून नळी कडेपासून आत ३२१ मिमी जाईल. त्यात मागे टेकणाऱ्या कॉलरची जाडी आणि हँडव्हीलची जागा मिळवली की एकूण लांबी येते. येथे एक-दोन मिलिमीटरची चूक झाली तरी कॉलर सरकवून ती सावरता येते.

जाडीच्या बाबतीत तशी सूट नाही. ५सी कॉलेटच्या बाहेरच्या आट्यांचा व्यास १.२३८ इंच, म्हणजे ३१.४५ मिमी आहे. नळी बाहेरून ३५ मिमी ठेवली तर आट्यांच्या खोलीत पावणेदोन मिलिमीटर भिंत उरते, आणि ३४ केली तर जेमतेम सव्वा. म्हणून ३६ मिमीची पोकळी ही माझ्या मते खालची मर्यादा आहे. मधला भाग सीमलेस पाइपचा करावा. आटे असलेला पुढचा तुकडा मात्र वेगळा, आखूड करून नंतर जोडावा, कारण छोट्या लेथवर तेवढी लांब नळी धरून तिच्या टोकाला आत आटे पाडणे म्हणजे नसती आफत. जोड चांदीच्या डाखाने किंवा दंडगोल जोडण्याच्या चिकट द्रावणाने होतो.

आटे २० टीपीआयचे आहेत. माझ्या मेट्रिक लेथवर १.२५ मिमीचे चालतील का?

नाही. इंचाला २० आटे म्हणजे १.२७ मिमीचा पिच (दोन आट्यांमधले अंतर). प्रत्येक आट्याला दोन शतांशाचा फरक पडत गेला की आठ-दहा आट्यांत तो दोन दशांशांपर्यंत पोहोचतो आणि कॉलेट अर्ध्यातच अडकते. मी स्वतः हा उद्योग एकदा केलेला आहे. कॉलेट सहा आटे छान गेली, पुढे जाईना आणि मागेही येईना.

१२७ दातांचा गेअर असेल तर पिच तंतोतंत येतो. नसेल तर निराश होऊ नये. १.५ मिमी पिचच्या लीडस्क्रूवर (आटे पाडताना टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर) ५५ दातांचा गेअर चालवणारा आणि ६५ चा चालणारा, अशी जोडी लावली की १.२६९ मिमी पिच मिळतो. दहा आट्यांत एक शतांशही फरक पडत नाही. लीडस्क्रू ३ मिमीचा असेल तर त्याच जोडीला ३० आणि ६० ची दुसरी जोडी द्यावी. आटे पाडण्याआधीचे बोअर सुमारे ३०.१ मिमी ठेवावे. काम बाहेर देणार असाल तर बडोद्याच्या कारागिराला नुसते "वीस आंटा" सांगून भागत नाही, हा माझा अनुभव आहे. मराठीतले आटे आणि गुजरातीतले आंटा एकच असले तरी तो त्याच्या सवयीचा मेट्रिक टॅप उचलतो. सोबत कॉलेट नेऊन द्यावी.

हँडव्हील चांगले की लिव्हर?

हौशी कामासाठी हँडव्हील. त्यात मोडण्यासारखे काही नसते आणि ते दोन रविवारांत होते. चाक अॅल्युमिनियमचे, हलके आणि समतोल करावे. जड बिडाचे चाक लेथ एकदम थांबताना आपल्या वेगाने पुढे फिरत राहते आणि कॉलेट ढिली होण्याची भीती असते. चाक आणि स्पिंडलच्या कडेमध्ये ५११०८ सारखे थ्रस्ट बेअरिंग घालावे, अशी सूचना अनेक जण करतात. ते बिघडवत काही नाही, पण चाक स्पिंडलबरोबरच फिरत असल्याने त्याचा उपयोग फक्त आवळतानाचे घर्षण कमी करण्यापुरता आहे. तेवढे काम पितळी वॉशरही करतो.

लिव्हर क्लोजरमध्ये स्पिंडल चालू असतानाच जॉब सोडता-धरता येतो. तो करताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चांगल्या लिव्हर क्लोजरमध्ये पंजे असतात, जे मध्यबिंदू ओलांडून स्वतःच अडकून बसतात, आणि मग सारा ताण नळी व स्पिंडल यांच्या आपसातच राहतो. घरी केलेल्या काही रचनांत मात्र लिव्हर ओढून धरला तरच कॉलेट आवळलेली राहते. अशा वेळी तो ताण हेडस्टॉकच्या बेअरिंगवर सतत येत राहतो, बेअरिंग तापते आणि लेथचा अचूकपणाच जातो. पंजांची रचना जमत नसेल तर लिव्हरच्या वाटेला न जाणे बरे.

कॉलेट फिरू नये म्हणून पिन आवश्यक आहे का?

५सी कॉलेटच्या धडावर त्यासाठी खाच असते आणि स्लीव्हमधली पिन तिच्यात बसते. पिन असेल तर आवळणे सोपे जाते. मात्र टूल अचानक अडकून कॉलेट घसरली तर पिन तुटते आणि तिचा तुकडा धड व बोअर यांच्यात अडकून दोन्ही खराब करतो. म्हणून पिन मऊ पोलादाची आणि बाहेरून काढता येईल अशी असावी.

आवळताना जॉब मागे का सरकतो?

कॉलेट मागे ओढली जाते, म्हणून जॉबही मागे जातो. किती, हे सळईच्या व्यासावर ठरते. १० अंशांच्या तोंडात सळईच्या व्यासात पाच शतांशाचा फरक असेल तर जॉब सुमारे चौदा शतांश पुढे-मागे बसेल, आणि बाजारातल्या काळ्या सळईत एवढा फरक सहज सापडतो. लांबीचे माप महत्त्वाचे असेल तर ग्राइंड केलेली किंवा ब्राइट सळई घ्यावी, किंवा जॉब धरल्यानंतर आधी तोंड फेस करून तेथून माप सुरू करावे. नळीत स्टॉप बसवून हा दोष पूर्ण जात नाही, कारण स्टॉपवर टेकवलेला जॉबही आवळताना मागे ओढला जाऊन त्याच्यावर दाबला जातो आणि पकड कमी पडते.

सर्व नीट बसवूनही जॉब आउट चालतो. दोष कोठे शोधावा?

पुढून मागे जाऊ नये, मागून पुढे यावे. प्रथम स्पिंडलचा टेपर, मग स्लीव्हचे तोंड, आणि मगच ग्राइंड केलेली पिन कॉलेटमध्ये धरून डायल लावावा. पिन कॉलेटला चिकटून एक वाचन आणि तीसेक मिलिमीटर पुढे दुसरे घ्यावे. दोन्हीकडे सारखाच आउट असेल तर बैठक बाजूला आहे. पुढे वाढत गेला तर कॉलेट तिरकी बसते आहे, आणि दहापैकी आठ वेळा त्याचे कारण म्हणजे चिरेत अडकलेला बारीक काप किंवा मागची तिरकी कॉलर. कॉलेट अर्धा फेरा फिरवून पाहिल्यावर आउटची दिशा तिच्याबरोबर फिरली, तर दोष कॉलेटचा समजावा. पिन नसलेल्या स्लीव्हचा हा एक फायदा.

सळई मागून किती बाहेर ठेवता येते?

शक्यतो अजिबात नाही. बारीक सळई हँडव्हीलच्या मागे हातभर बाहेर राहिली आणि वेग वाढवला, की ती एका क्षणात वाकून चाबकासारखी फिरू लागते. मग लेथचे बटण गाठेपर्यंत कव्हर, भिंत आणि माणूस यांपैकी कोणीही तिच्या तावडीत सापडू शकतो. लांब सळई लागणारच असेल तर मागे स्टँडवर बसवलेल्या पाइपातून ती आधार देऊन चालवावी. जाड सळईलाही आतून नळीत खेळायला जागा असेल तर नायलॉनची बुशे घालावीत.

पावसाळ्यात कॉलेट गंजतात. काय करावे?

ग्राइंड केलेल्या पोलादाला बडोद्याची जुलै-ऑगस्टची हवा सोसत नाही. काम संपले की कॉलेट रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, पातळ तेलाचा हात देऊन लाकडी खोक्यात ठेवाव्यात. स्पंजच्या खाचांत ठेवू नयेत, कारण स्पंज ओल धरून ठेवतो. खोके तळमजल्यावर असेल तर भिंतीवर उंच फळी मारावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी अनेक घरांत शिरले, तेव्हापासून आमच्याकडे काहीही जमिनीवर राहत नाही. स्लीव्ह स्पिंडलमध्ये महिनोन्महिने ठेवू नये; ती तेथे चिकटते आणि मागून पितळी सळईने ठोकून काढावी लागते.

सुरुवातीला किती कॉलेट घ्याव्यात?

आपण गेल्या सहा महिन्यांत ज्या सळया वापरल्या त्यांची यादी करावी. बहुतेकांची यादी ६, ८, १०, १२ आणि १६ मिमी अशी पाच-सहा मापांतच आटोपते. तेवढ्या चांगल्या प्रतीच्या घ्याव्यात आणि जोडीला दोन मऊ इमर्जन्सी कॉलेट घ्याव्यात, ज्यांच्या चिरांत पिना घालून, किंचित आवळून, विचित्र मापासाठी बोअर करता येते. कोणतीही कॉलेट रिकामी असताना आवळू नये. तिच्या पाकळ्या एकदा आत वळल्या की ती पुन्हा मापावर येत नाही.